त्रेचाळीस दोषांची खोली

बोरस्ते नाना हॉटेलच्या खोलीत शिरले की आधी चपला काढत नाहीत, पिशवी ठेवत नाहीत, पाणीही मागत नाहीत. ते दाराच्या चौकटीला पाणसळ लावतात. काचेच्या नळीतला बुडबुडा स्थिर होईपर्यंत बरोबरच्या माणसाने सामानासह बाहेर उभं राहायचं असतं. बुडबुडा थांबला की नाना खिशातून स्टीलची पट्टी काढतात, दार आणि चौकट यांमधली फट मोजतात आणि निकाल देतात, "ड्रॉइंगप्रमाणे नाही."

ड्रॉइंग कुणीच पाहिलेलं नसतं. ज्याने हॉटेल बांधलं त्याने तरी पाहिलं होतं का, याचीही खात्री देता येत नाही.

नाना आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासणी विभागात होते. कामगाराने पार्ट बनवायचा आणि नानांनी तो पास करायचा किंवा त्याला लाल चिठ्ठी बांधायची, एवढंच काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आभाराच्या भाषणात नानांनी ते चाळीस सेकंद पुढे असल्याचं सांगितलं.

निवृत्तीनंतर लाल चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा सोसायटीच्या वाट्याला आला. लिफ्टच्या दाराला चिठ्ठी, पाण्याच्या टाकीला चिठ्ठी, गणपतीच्या मांडवाच्या पुढच्या डाव्या खांबाला चिठ्ठी. दिंडोरीला मावसभावाच्या द्राक्षबागेत गेले, तर व्यापारी मण्यांची जाडी मापाने मोजत होता. नानांनी त्याचं मापच मोजलं आणि त्यालाच चिठ्ठी बांधली. मावसभावाने त्यानंतर त्यांना द्राक्षं घरपोच पाठवायला सुरुवात केली. थोरल्या मुलीला पाहायला स्थळ आलं, मुलगा पुण्यात इंजिनिअर. पाहुणे गेल्यावर बायकोने, म्हणजे शकुंतलाकाकूंनी, विचारलं, "कसा वाटला?" नाना म्हणाले, "मर्यादेत आहे." यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. जावई अजून तेवढ्यावर समाधानी आहे.

त्यांचा एक नियम मात्र पक्का आहे आणि तो ते कुणालाही ऐकवतात. "तपासनिसानं ज्यावर काही लिहिलं नाही, ते पास. नंतर रडायचं नाही. बोलायचं होतं, तर तेव्हाच लिहायचं."

असे हे नाना दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस दमणला जातात.

नाशिकमध्ये "दमणला चाललोय" असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ऐकणारा डोळा मारतो. पेठचा घाट उतरून दमणला जाण्याचं एकच कारण असतं आणि ते बाटलीत मिळतं, अशी शहराची ठाम समजूत आहे. नाना सुपारीही खात नाहीत. पण दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी त्यांना दरवर्षी जिन्यात गाठतात.

"काय नाना, एकटेच? मजाय बुवा."

"समुद्र बघायला जातो."

"हो हो. आम्हीपण तोच बघतो. ग्लासात."

एकदा परतताना तपासणी नाक्यावर हवालदाराने नानांची पिशवी उघडली. दोन शर्ट, स्टीलची पट्टी, फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा आणि पाणसळ. हवालदाराने पाणसळ उजेडात धरून नळीतलं पाणी हलवून पाहिलं.

"बाबा, एवढीशीच आणली?"

नानांनी त्याला पाणसळीचा उपयोग समजावला, नंतर नाक्याच्या टेबलावर ठेवून दाखवला. टेबल तिरकं निघालं. बस वीस मिनिटं उशिरा सुटली.

ज्या हॉटेलात ते उतरतात, त्याच्या नावात 'सी' आहे आणि 'पॅलेस' आहे. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात जरा लांब आहेत. समुद्र समोर आहे हे खरं, पण तिथला समुद्र ओहोटीला इतका मागे सरकतो, की दिवसातला बराच वेळ समोर फक्त काळा चिखल आणि त्यात उभ्या होड्या दिसतात. लिफ्टवर 'आजच्या दिवस बंद' अशी पाटी आहे. पाटी लॅमिनेट केलेली आहे. टॉवेलवर दुसऱ्याच हॉटेलचं नाव आहे.

हे सगळं मला तिथे न जाता माहीत होतं, कारण नानांच्या याद्या माझ्याकडे यायच्या. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेलं, म्हणून शुद्धलेखन बघून द्यायचं काम माझ्याकडे. पहिली यादी त्यांनी निवृत्तीच्या वर्षी केली, दोष एकतीस. गेल्या वर्षीची अकरावी, दोष त्रेचाळीस. खोली तीच, एकशे चार. दोन-तीन नमुने देतो. 'दोष क्र. ७ : शॉवरचे पाणी तीन दिशांना जाते, खाली येत नाही.' 'दोष क्र. १२ : गरम पाणी उपलब्ध आहे, मात्र ते फ्लशमध्ये येते.' 'दोष क्र. १९ : गॅलरीच्या दाराचा उंबरा फुटलेला, पाय कापण्याची शक्यता.' मी यात कधी फारसा बदल केला नाही. बातमी अशीच लिहावी, असं मी माझ्या हाताखालच्यांना सांगत आलो होतो.

ही यादी नाना निघताना काउंटरवर द्यायचे. म्हातारे मालक मगनभाई ती दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि चहा मागवायचे. दुरुस्ती काही व्हायची नाही. नाना चहा पिऊन पुढच्या फेब्रुवारीसाठी हीच खोली सांगून यायचे.

"एवढं वाईट आहे, तर दुसरीकडे का जात नाही?" मी एकदा विचारलं.

"तपासणी अर्धवट सोडता येत नाही."

पहिली तीन वर्षं शकुंतलाकाकू त्यांच्याबरोबर होत्या. चौथ्या वर्षी काकू गेल्या. नाना त्याही फेब्रुवारीत गेले. सोसायटीत थोडं बोललं गेलं. कुलकर्णी म्हणाले, "घ्या, आता तर मोकळंच रान." नानांनी ऐकलं असावं. त्या महिन्यात कुलकर्ण्यांच्या स्कूटरला लाल चिठ्ठी होती.

या वर्षी जानेवारीत सकाळी साडेनऊला नाना माझ्या दारात आले. हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला.

"मगनभाईंनी कारभार मुलीकडं दिला. हेतल नाव तिचं. हॉटेलचं शिकून आलीय. तिला ड्रॉवरमध्ये माझ्या अकरा याद्या सापडल्या."

"मग?"

"तिनं सगळं दुरुस्त केलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. फोनवर हसत सांगत होती, अंकल, खोली नवी करून टाकली."

मी अभिनंदन केलं. अकरा वर्षांचा पाठपुरावा यशस्वी झाल्याचं उदाहरण मी पत्रकारितेतही फारसं पाहिलेलं नव्हतं. नाना खुर्चीत बसले नाहीत.

"नवी म्हणजे किती नवी? यादीतलं ठीक आहे. यादीबाहेरचं काढलं असेल का?"

"यादीबाहेर काय राहिलंय तिथं?"

"गॅलरीत एक खुर्ची आहे," नाना म्हणाले. "लाकडी. पुढचा उजवा पाय आखूड आहे. आठ मिलिमीटर."

मी अकरा याद्या वाचल्या होत्या. त्यांत दिव्याच्या बटणाचा स्क्रू होता, आरशामागचा कोळी होता. खुर्ची एकदाही नव्हती. मी तसं म्हटलं.

"नाहीच लिहिली," नाना म्हणाले. "आपण उद्या निघायचं का?"

त्यांनी 'आपण' म्हटलं, म्हणून मी गेलो. पेठचा घाट उतरेपर्यंत बसच्या खिडकीची काच सतत खडखडत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

हॉटेलवर रंग नवा होता. लिफ्ट चालू होती. काउंटरवर हेतलबेन उभ्या होत्या, तिशीच्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. मागे भिंतीवर फ्रेम करून नानांची अकरावी यादी लावली होती. प्रत्येक दोषापुढे हिरवी टिकमार्क.

"आइए अंकल! आपने तो हमको सिखाया! पप्पा बोलते थे, नाशिकवाले साहब का कागज संभाल के रखना."

नानांनी यादीकडे पाहिलं नाही. "चावी दो," म्हणाले.

खोलीच्या दारात मी नानांची पद्धत ऐकून असल्याने बाहेर थांबलो. नानांनी पाणसळ काढलीच नाही. ते सरळ आत गेले, नव्या फरशीवरून, नव्या पडद्याच्या पलीकडे, गॅलरीत. मागोमाग मी आणि हेतलबेन.

खुर्ची होती. त्या चकचकीत खोलीत ती एकटीच जुनी होती. पॉलिश उडालेलं, पाठीची एक पट्टी निसटलेली.

"ये चेअर तो मैं फेंकनेवाली थी," हेतलबेन म्हणाल्या. "लेकिन पप्पा बोले, साहब ने ग्यारह साल में इसपे कुछ लिखा नहीं. मतलब पास है. साहब का नियम है. हाथ मत लगाना."

नाना वाकले. मग गुडघ्यावर बसले आणि पुढच्या उजव्या पायाखाली पाहिलं. हात घालून पाहिलं. बाकीच्या तीन पायांखालीही पाहिलं, म्हणजे पूर्ण तपासणी केली.

"इथं कागद होता. घडी घातलेला."

हेतलबेन गोंधळल्या. "फरशी बदली ना अंकल, तो सब उठाया था. कागज... कचरे में गया होगा. कुछ जरूरी था?"

"नाही," नाना म्हणाले. "जुना होता."

हेतलबेन चहाचं सांगायला खाली गेल्या. नाना खुर्चीत बसले. खुर्ची पुढे कलली, मागे गेली, पुन्हा पुढे कलली. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसायला लागलो. उंबरा आता गुळगुळीत संगमरवराचा होता, दोष क्रमांक एकोणीस निघालेला.

"तिथं नको," नाना म्हणाले. "आत पलंगावर बसा."

मी पलंगावर बसलो. नाना समुद्राकडे बघत बोलले, आणि नेहमीप्रमाणे क्रमाने बोलले.

"पहिल्या वर्षी आलो, तेव्हा मी आत यादी करत होतो. ही इथं उभी. कळवणकडची, समुद्र कधी बघितलेला नाही. मला म्हणाली, अहो, या ना, लय मोठा हाय. म्हटलं, थांब, नऊ नंबर झालाय. थोड्या वेळानं म्हणाली, अहो, मागं चाललाय तो, या लवकर. म्हटलं, अठरा झालेत. मी एकतीस पुरे करून बाहेर आलो, तर समोर सगळा चिखल. समुद्र नव्हताच. मी म्हटलं, जाहिरातीप्रमाणे नाही, बत्तिसावा दोष लिहितो. आणि या खुर्चीत बसलो. खुर्ची हलली. मी पट्टी काढली, मोजलं. आठ मिलिमीटर. लिहायला गेलो, तर तिनं हातातला कागदच घेतला. घडीवर घडी घातली आणि वाकून पायाखाली सारला. म्हणाली, बसा आता गप. येतोय तो परत. आणि ती त्या उंबऱ्यावर बसली."

"मग?"

"मग बसलो. आला परत. संध्याकाळ झाली यायला. काउंटरवर दिलेली यादी मी नंतर आठवून लिहिली. खरी ती या पायाखाली होती."

मला बातमीत यानंतर काय लिहितात ते ठाऊक आहे. खोलीत मी नुसतं बाहेर पाहिलं. बाहेर भरतीचं पाणी अजून कठड्याजवळ होतं, पण वाळूवर एक ओली रेघ उघडी पडायला लागली होती.

नानांनी शर्टाच्या खिशातून या वर्षीचा कागद काढला. वर तारीख, खोली क्रमांक, हॉटेलचं नाव त्यांनी नाशिकलाच लिहून आणलं होतं. खाली एकपासून पन्नासपर्यंत आकडे, पुढे जागा कोरी. त्यांनी तो मांडीवर सपाट केला आणि मधून दुमडला. मग पुन्हा दुमडला. दर घडीला नखाने कड दाबत होते. ते खुर्चीतून उठले, वाकले, घडी पायाखाली सारली आणि बसून पाहिलं. खुर्ची थोडी हलली. त्यांनी घडी काढली, आणखी एकदा दुमडली, परत सारली. पट्टी खिशातच राहिली. या खेपेला खुर्ची हलली नाही.

हेतलबेन स्वतः चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. त्यांनी उत्साहाने विचारलं, "अंकल, इस साल की लिस्ट? नीचे दूसरी फ्रेम तैयार है."

नाना मागे न वळता म्हणाले, "वापर में है."

मग थोड्या वेळाने, समुद्र पहिल्या होडीच्या मागे सरकला तेव्हा, त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा कोमट होता, हे मी पलंगावरून सांगू शकत होतो. त्याबद्दल नाना काहीच बोलले नाहीत.