ग्रेडरसाहेबांचा सीझन

देवरावजी माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार करण्याआधी टेबलावरच्या बरणीतला कापूस चिमटीत घेतला. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढला, उजेडाकडे धरला, पुन्हा ओढला आणि म्हणाले, "आखूड धाग्याचा हाय. जिनिंग फॅक्टरीतली झाडलोट विकली तुम्हाले कोनी तरी."

मी म्हणाले, "दात दुखतोय का?"

"नाही. खाली पाटी पाह्यली. मदतनीस पाहिजे म्हनून."

आमचा दवाखाना दिग्रसला बसस्टँडजवळ, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. ती पाटी लावताना माझ्या डोळ्यांसमोर बारावी झालेली एखादी चटपटीत मुलगी होती. समोर उभे होते बावन्न वर्षांचे, पांढऱ्या सफारीतले, जाड मिशांचे गृहस्थ. बगलेत फाईल आणि खांद्याला थर्मास.

देवरावजी सव्वीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडी आली की गाडीत हात घालून चार ठिकाणचा कापूस काढायचा, ओढून पाहायचा आणि बोलायचं, सुपर, नाहीतर मधलं काही, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, भिजलेला माल. त्या एका शब्दावर माणसाचं वर्ष फिरायचं. मग कापसाचे दिवस फिरले, केंद्रच बंद झालं आणि देवरावजी घरी बसले. त्या वर्षांत आमच्या भागात घरी बसलेली माणसं पुष्कळ होती. पण ज्यांचं बोट बसायला तयार नव्हतं असे हेच.

कारण ते कापूस दिसला की ओढायचेच. लग्नात गादीवर बसले की उसवलेल्या टोकातून बोट आत. देवळात समईची वात पाहून पुजाऱ्याला म्हणाले होते, "तेल चांगलं हाय, वात कवडी हाय." त्यांच्या सुनेनं उशांना दोन-दोन अभ्रे घातले होते, ते काही हौसेनं नाही.

"तुम्हाला हेच काम का करायचंय?" मी विचारलं.

"मले असं काम पाहिजे, जिथं मानूस मले पाहून घाबरत नाही."

दातांच्या दवाखान्यात येऊन हे मागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनच मी हो म्हणाले. बोली अशी झाली की संक्रांतीपर्यंत शिकायचं. पेशंट तुमच्या हाताला रुळले तर राहायचं, नाही रुळले तर जय हरी.

शिकण्यात कसर नव्हती. दोनशे पानी वहीत त्यांनी बत्तीस दात काढले, प्रत्येकाला नंबर दिला. आरसा, चिमटा, पक्कड, लाळ ओढायची नळी, सगळं चार दिवसांत तोंडपाठ. पाचव्या दिवसापासून मी हात पुढे केला की मागायच्या आत हत्यार हातात. अडचण एकच. मी दात तपासून सांगायचे, ते लिहून घ्यायचे, आणि शेवटी शेरा म्हणून स्वतःचं मत मोठ्यानं म्हणायचे.

"खालची उजवी दाढ, कवडी."

खुर्चीतला माणूस उठून बसायचा. "काय म्हनलं यानं?"

तहसील कचेरीतल्या एका कारकुनाच्या दातांना त्यांनी "वरचा थर बरा, आत भेसळ" असं म्हटलं होतं. सुपर ही ग्रेड मात्र त्यांनी कोणालाच दिली नाही. मी स्वतः हसून दात दाखवले, तर म्हणाले, "बरे हायेत. सुपर म्हनजे सुपर राह्यते, डॉक्टरबाई."

दुसरी गोष्ट चहाची. पेशंट, औषधांचे एजंट, खालचा बियाणेवाला, कोणीही चहा विचारला की देवरावजी हात जोडायचे. "नको जी. सीझन हाय." कापसाचा सीझन थंडीतला, पण यांचं मे महिन्यातल्या उन्हातही सीझन हाय. मग बाल्कनीत जाऊन, पाठ करून, थर्मासमधला स्वतःचा चहा प्यायचे. मला वाटायचं, माणूस जरा शिष्ट आहे.

बोळ्यांचं प्रकरण दिवाळीच्या आधी झालं. दात भरताना तोंड कोरडं राहावं म्हणून आम्ही गालात कापसाचे बोळे ठेवतो. कंपनीचे ते बोळे देवरावजींच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होते. एक दिवस त्यांनी मला न सांगता, ओळखीच्या शेतातून आणलेल्या उत्तम कापसाचे, सरकी काढून, हातानं वळून, पन्नास बोळे केले. बरोबर उकडून वाळवून डब्यात भरले. दिसायला इतके देखणे की मीही विचारलं नाही.

खुर्चीत होत्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. मी दाढ कोरली, बोळे ठेवले, सिमेंट कालवायला घेतलं. वळून पाहते तो बाईंच्या तोंडात तळं, आणि तळ्यात बोळे तरंगताहेत, कोरडे ठणठणीत. बाईंना ठसका लागला, कालवलेलं सिमेंट वाया गेलं, आणि ज्या बाईंना बघून अख्खी शाळा चिडीचूप व्हायची त्या हातवारे करत बेसिनकडे धावल्या.

शेतातल्या कापसाच्या धाग्यावर मेणासारखा थर असतो, तो काढल्याशिवाय कापूस पाणी पीत नाही. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. बाई गेल्यावर मी देवरावजींना नको नको ते बोलले. संक्रांतीची वाट पाहायची गरज नाही, असंही बोलले. ते बोळा हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "सव्वीस वर्षं ओला कापूस आनला म्हनून लोकायले बोललो. आता ओला होत नाही म्हनून बोलनं खाऊन राह्यलो."

यावर चिडून राहणं अवघड होतं. तीन दिवसांनी ते काचेची बाटली घेऊन आले. घरी धुण्याच्या सोड्यात कापूस तीनदा उकळला होता, सुनेचं एक पातेलं त्यात कामी आलं होतं. त्यांनी कापसावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गपकन नाहीसा झाला. "पेला," ते म्हणाले. मिशीखाली हसत होते. पेशंटच्या तोंडात पुढेही कंपनीचेच बोळे गेले, पण माझा आरसा त्या कापसानं पुसला जाऊ लागला आणि संक्रांतीचा वायदा पुन्हा चालू झाला.

संक्रांतीला आठ दिवस असताना आर्णीकडचे किसनराव आले. गाल भोपळ्याएवढा सुजलेला, वरून दुपट्टा बांधलेला. खुर्चीत बसले, तोंड उघडलं, देवरावजींना पाहिलं, तोंड मिटलं.

"हा इथं काहून?"

"माझे मदतनीस आहेत," मी म्हणाले.

"यानं माह्या गाडीले कवडी म्हनलं होतं. धा गाववाल्यायसमोर. याच्यासमोर मी तोंड उघडत नाही, बाई. मी यवतमाळले जातो." आणि ते उठलेच.

बाहेर बाकावर पाच पेशंट बसले होते, दार उघडं होतं. मी देवरावजींकडे पाहिलं. मनात म्हणत होते, एवढंच म्हणा, की चुकलं असेल माझं. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.

देवरावजी म्हणाले, "वरचा थर चांगला होता. खाली वजनासाठी पानी मारेल होतं."

बाकावरचे पाचही दाराकडे वाकले. किसनराव गाल धरून उभे. दुखणं मोठं की राग मोठा, याचा हिशेब चेहऱ्यावर दिसत होता.

"थोडंसं मारलं होतं," ते अखेर म्हणाले.

"थोडंसं नाही."

"बरं. थोडंसं नाही." बाहेर कोणी तरी फिसकन हसलं. किसनरावांनाही हसू आलं, त्यानं कळ मस्तकात गेली, आणि ते मटकन खुर्चीत बसले. देवरावजींकडे बोट करून मला म्हणाले, "मले तुम्ही नोका सांगू. याले सांगू द्या. दुखन का नाही?"

मी सगळ्यांना सांगते, मुंगी चावल्यासारखं वाटेल. देवरावजी म्हणाले, "सुई दुखन. चांगली दुखन. मंग दात निघतानी नाही दुखनार. घरी गेल्यावर रातभर ठनकन."

"मंग ठीक हाय," किसनराव म्हणाले आणि त्यांनी देवरावजींचा हात धरला. दाढ निघेपर्यंत धरला, निघाल्यावरही सोडला नाही. मला पक्कड माझ्या हातानं ठेवावी लागली. देवरावजी त्या धरलेल्या हाताकडे पाहत होते, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी हत्यारं धुताना मी विचारलं, कोणाचाच चहा का घेत नाही? ते म्हणाले, "सीझनमधी ग्रेडरनं कोनाचा चहा पेला, का त्याची ग्रेड लोकं विकत घेतली म्हनतेत. म्हनून नाही पेलो. मंग लोकं विचारतच नाही. मंग सवय पडते." मी इतके महिने त्यांना शिष्ट समजत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्यानं किसनराव जखम दाखवायला आले. गाल उतरला होता. जाताना दारात थांबून म्हणाले, "ग्रेडरसाहेब, खाली चहा घेता?"

जानेवारी महिना. संक्रांतीच्या वायद्याचं नाव आता मी काढत नव्हते. बाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. खराखुरा सीझन होता. देवरावजींनी हात जोडायला घेतले आणि मधेच खाली सोडले. मला म्हणाले, "डॉक्टरबाई, धा मिनिटं जाऊ काय?"

पाऊण तासानं आले. हात धुतले, मास्क लावला, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. थर्मास सकाळपासून खिडकीत तसाच भरलेला होता.

"कसा होता चहा?"

"साखर जास्त होती. दूध पातळ होतं. कप फुटका होता," त्यांनी एकेक सांगितलं.

"मग? कवडी?"

त्यांनी बराच वेळ विचार केला.

"सुपर," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलवायला गेले.