रोगाची चिठ्ठी

साथीच्या सरावात रोगाची चिठ्ठी तीन वर्षं कुणी उचलली नाही, म्हणून यंदा रोग स्वतःच आला आणि त्यानं ती उचलली.

साथ आलीच तर गावाला कसं सांगायचं, याचा आमच्या आरोग्य केंद्रात दरवर्षी सराव होतो. टेबलावर चिठ्ठ्या मांडतात: रुग्ण, नातेवाईक, पत्रकार, अफवा. अफवेसाठी आशाताईंची भांडणं होतात. रोगाला मात्र कुणी हात लावत नाही. घरी लेकरंबाळं असतात ना.

"बरं झालं आलात," डॉक्टर बिडवई त्याला म्हणाले. "मस्टरवर सही करा."

त्यानं केली, अक्षर सुरेख. मला तो पहिल्यापासूनच पटला नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि इतकं गोड बोलणं! स्वतः चहा घेतला नाही, पण प्रत्येकाचा कप मात्र आपल्या हातानं दिला. का बरं?

"माझी एकच विनंती आहे," तो म्हणाला. "घोषणेच्या शेवटी 'हा सराव आहे, घाबरू नका' एवढं राहू द्या."

"नियमच आहे तो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच आवडतो मला."

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "सर, याला त्या ओळीची एवढी काळजी कशाला?"

"सिस्टर, तुम्हाला सगळ्यांचाच संशय. मागच्या वर्षी फळ्यावरही घेतला होतात."

घेतला होता. फळा पडलाच ना शेवटी?

रुग्णाची चिठ्ठी आमच्या ह्यांना आली होती. ह्यांनी गावच्या नाटकांत तीस वर्षं कामं केलीत, मरणाचे प्रवेश तर खास. ह्यांनी रिकामा कप खाली ठेवला, खोकले आणि खुर्चीवरून घसरले. टाळ्या पडल्या. "खोकला बघा, खोकला!" असं आशाताई एकमेकींना सांगत होत्या. मी तिसऱ्या रांगेतून उठले. घरात रोज ऐकते मी ह्यांचा नाटकातला खोकला. हा तो नव्हता.

"अहो," मी हाक मारली. ह्यांनी नुसता माझा हात धरला. थर्मामीटर लावला, एकशे तीन.

"सिस्टर, घोषणा तुमची," डॉक्टर म्हणाले.

मी माईक घेतला. हात धुवा, गर्दी टाळा, ताप आला तर लगेच या, सगळं वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबले. रोग पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसला होता.

"हा सराव नाही," मी म्हणाले. "ऐका हो, माझ्या माणसाला खरंच ताप आहे! हा सराव नाही!"

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यात जोरात टाळ्या रोगाच्या. डॉक्टरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आवाज विश्वासार्ह.'

मी एकटीनं ह्यांना बाहेर आणलं, रिक्षात बसवलं, शेजारी बसले आणि रिक्षा तालुक्याच्या दवाखान्यात घ्यायला सांगितली. मागून रोग आला. चिठ्ठी घडी करून त्यानं खिशात ठेवली होती.

"वहिनी, जरा सरकता का?" तो म्हणाला.

मी सरकले.