सरासरी चार पूर्णांक सहा, आणि काकी

आमच्या अबाजींचा चहा बशीच्या कडेपासून दोन सेंटिमीटर डावीकडे पडतो. मी आठ दिवस मोजलं. अबाजी म्हणजे माझे सासरे. इथे इस्रायलमध्ये सगळं अश्दोद शहर त्यांना अबाजीच म्हणतं, म्हणून मीही. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ते दोष देत होते बशीला.

ऑपरेशनचं विचारलं की उत्तर ठरलेलं. "सणानंतर बघू." या देशात सण इतके, की 'सणानंतर' ही तारीख कधी उजाडतच नाही. तीन वर्षं अशीच गेली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या दवाखान्याचे डॉक्टर अव्नेर म्हणाले, आता नाही केलं तर पुढे अवघड आहे.

"या आपल्या दवाखान्याचा भरवसा काय?" अबाजी म्हणाले. "अव्नेर सांगतो आणि मी डोळा काढून देतो, असं कसं, पोरी?"

मी मुंबईहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन आलेली बाई. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्यातला क्षार तीन दशांश स्थळांपर्यंत सांगते. म्हटलं, दवाखान्याचा भरवसासुद्धा मोजून दाखवते!

हिब्रूत बारा प्रश्नांचा कागद केला. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. खाली 'आणखी काही?' असं विचारून दोन रिकाम्या ओळी. भारतातून आलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना हिब्रू लिहिता येत नाही, म्हणून कागद घरोघरी दिले. आजीनं सांगायचं, नातवंडानं लिहायचं. त्रेचाळीस कागद परत आले. गुणांची बेरीज मी दोनदा तपासली. खालच्या ओळी वाचल्या नाहीत. शब्दांची सरासरी निघत नाही.

"चार पूर्णांक सहा," मी अबाजींना सांगितलं.

"पाचातले?"

"हो."

"मग पॉइंट चार गेले कुठे?"

"एवढं तर सगळीकडेच..."

"ते पॉइंट चार नेमके माझ्याच डोळ्यात जायचे."

डॉक्टर अव्नेर मात्र खूश झाले. त्यांनी सगळा गठ्ठा दवाखाना चालवणाऱ्या आरोग्य फंडाच्या मुख्य कचेरीला पाठवला. शाबासकी मिळेल म्हणाले.

शाबासकी गुरुवारी आली, हातमोजे घालून. त्या दिवशी अबाजींना मी 'फक्त ब्लड प्रेशर' असं सांगून दवाखान्यात आणलं होतं. योना नावाचा तपासनीस, दोन सफाईवाले आणि क्लोरीनचा डबा असा लवाजमा आत शिरला. योनानं एका सफाईवाल्याला पाणी आणायला पिटाळलं, आम्हाला कशाला हात लावू नका म्हणून बजावलं, आणि स्वतः बाकांखाली वाकून बघू लागला.

"काय शोधताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा. सत्तावीस पेशंटनी लिहून दिलंय." योनानं गठ्ठा उघडला. "'दारातून शिरताच काकी दिसते, फार बरं वाटतं.' 'डॉक्टर नसले तरी चालेल, काकी हवी.' 'पुरीमच्या सणानंतर तीन दिवस काकी नव्हती, सगळे हैराण.'" त्यानं घाम पुसला. "आणि हे ऐका. 'काकीचा हात लागला की दुखायचं थांबतं.' हा दवाखाना मी आज बंद करतोय."

हिब्रूत काकी म्हणजे तान्ह्या बाळाच्या लंगोटात जे सापडतं ते. नातवंडांनी आजीचा शब्द इमानानं उतरवला होता. आणि दवाखाना बंद झाला, तर अबाजींचं 'सणानंतर' मशीहा येईपर्यंत चालणार होतं.

"आमच्या भाषेत काकी म्हणजे चुलत्याची बायको," मी म्हटलं.

"कुणाच्या चुलत्याची?"

"कुणाच्याच नाही."

"मग सत्तावीस जण..."

"आदरानं म्हणतात."

योनानं स्वतःच्या हातमोज्यांकडे पाहिलं.

आतून इंजेक्शनचा ट्रे घेऊन नर्स त्सिला आली. "मीच ती काकी," ती योनाला हिब्रूत म्हणाली. मग आमच्याकडे वळून मराठीत, "चोवीस वर्षं ऐकतेय. अर्थ मलाही कळतो. पण आपल्यातल्या कुणी 'मॅडम' म्हटलं, की वाटतं माझं काहीतरी चुकलं." आणि पुन्हा योनाला, "ते मोजे जाताना ठेवून जा. मला लागतात."

अबाजींनी बाकावरूनच योनाच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"ते हाताचं परत वाच," ते योनाला म्हणाले. त्यानं वाचलं. "पुढे?"

"'डोळ्यात थेंब घातले, मला कळलंसुद्धा नाही.' डेझी, वय अठ्ठ्याहत्तर."

"डेझी?" अबाजी माझ्याकडे वळले. "ती लसूण सोलतानासुद्धा ओरडते. हे आधी सांगायचं सोडून चार पॉइंट सहा काय सांगत बसलीस?"

मी योनाच्या हातून गठ्ठा घेतला आणि खालच्या ओळी पहिल्यांदा वाचायला लागले.

अबाजी उठले. सदरा नीट केला. तपासनिसाला कळावं म्हणून खणखणीत हिब्रूत म्हणाले, "ऑपरेशन करतो. सणाच्या आधी. पण टेबलावर झोपेन तेव्हा काकी माझ्याजवळ पाहिजे."

पाणी आणायला गेलेला सफाईवाला नेमका तेव्हाच दारात आला होता. त्यानं बादली मुकाट्यानं अबाजींच्या पुढ्यात ठेवली.