साडेबाराचा आकडा

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत दुपारी साडेबाराला जिन्यात उभं राहू नये. पहिल्या मजल्यावरचे दामले काका एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात मीटर घेऊन गच्चीकडे सुटलेले असतात. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे.

गच्चीत त्यांचं पाटाएवढं सोलर पॅनल आहे. त्यातले सिलिकॉनचे सेल त्यांच्या लेकीने, मुक्ताने, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत बनवलेले. पुण्याच्या उन्हात ते किती वीज देतात हे रोज मोजून कळवायचं काम तिने बाबांना दिलं आणि आमची शांतता संपली. "एवढं ऊन पडतं, त्यातला पाव हिस्सासुद्धा हाती लागत नाही! गळती कुठेय?" हा त्यांचा जप. आम्ही चहा बशीत ओतला तरी ओरडतात, "उष्णतेची गळती!"

एकदा जोशीकाकूंनी पॅनलला खेटून खाट टाकून कुरडया वाळत घातल्या. काका कळवळले, "अहो, एका सेलवर सावली पडली की अख्खी ओळ संप करते!"

"करू दे. माझ्या कुरडया हलणार नाहीत," काकू म्हणाल्या. शेवटी पॅनल हललं.

मार्चमध्ये काकांचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. शेजारधर्म म्हणून पॅनलला एक डबी जोडली. आकडा परस्पर मुक्ताच्या फोनवर. "आता बसा निवांत," मी म्हणालो.

ते कसले बसतात! साडेबारा वाजले की गॅलरीत येरझाऱ्या, फोन उचल, फोन ठेव. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकताना सापडले. डबी काढायला निघाले होते.

"काका, आकडे आपोआप जातायत तिला!" मी चिडलो.

"म्हणून तर." ते पायरीवर टेकले. "तिचं ते संशोधन संपलं रे, दोन वर्षं झाली. आता दुसऱ्याच कंपनीत आहे. पण आकडा सांगायला फोन केला की विचारते, काल जास्त, आज कमी का? ढग होते? पुसलंस का? दहा मिनिटं जातात. नुसतं 'कशी आहेस' म्हटलं की 'ठीक, तू?' मीही ठीक. संपलं."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. त्यांच्या हातातलं फडकं-मीटर घेऊन वर गेलो, डबी उपटली, पॅनल दोनदा पुसलं, मीटरवरचा आकडा घेऊन खाली आलो. काकांनी तिथेच, पायरीवर बसून फोन लावला.

"बाबा, होतास कुठे?" मुक्ताचा आवाज मलाही ऐकू आला. "त्या डबीचे आकडे मी लिहिलेच नाहीत. वहीत तीन ओळी तुझ्यासाठी रिकाम्या ठेवल्यात."