प्रेमानंदरावांचं न जळणारं दार

माणसानं भ्यावं, पण किती? प्रताप नगरातले प्रेमानंदराव आगीला इतके भीत, की शेजारी भाजी करपली तरी हे चपला घालून अंगणात! शेवटी त्यांनी स्वयंपाकघराला आगरोधक दार बसवून घेतलं. जाडजूड, आपोआप बंद होणारं. चौकटीत एक पट्टी. धग लागली की ती फुगून फट बुजवते, म्हणजे आग आतल्या आत. (आत कोण असेल, हा विचार त्यांना शिवलाच नव्हता.)

रविवारी त्यांच्या मुलीला, दीक्षाला, पाहायला पारशिवनीचे पाहुणे आले. पोरापोरींनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. प्रश्न होता तो मुलाच्या आईचा, भीमाबाईंचा.

तेवढ्यात मुलाचे वडील नत्थूजी म्हणाले, "दार एवढं जाड काहून जी?"

झालं! बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यांच्या पुड्यातली एक काढून प्रेमानंदरावांनी पेटवली, दार उघडं धरलं आणि ज्योत पट्टीवरून फिरवली. आत त्यांच्या बायको भावनाताई पुऱ्या तळत होत्या.

"अहो, काय करून राहिले?"

"तू तळ वं! पाहा नत्थूजी, फुगली!"

आनंदाच्या भरात त्यांनी दार सोडलं. दार आपसूक मिटलं आणि घट्ट बसलं. प्रेमानंदरावांनी ओढलं, नत्थूजींनी ओढलं, होणाऱ्या जावयानं खांदा लावला. दार ढिम्म! पुऱ्या, सांभारवडी, बायको, सगळं आत, आणि उपाशी पाहुणे बाहेर.

"गॅस बंद कर! घाबरू नको! पाणी पी! भावना, बोल ना वं!"

आतून हूं नाही की चूं नाही. स्थळ तर गेलंच होतं, आता बायकोही आपल्या हातानं कोंडून मारली की काय! प्रेमानंदराव दारावर बुक्क्या मारत ओरडत राहिले. घसा बसला तरी थांबेनात. दीक्षानं रडवेल्या आवाजात सुताराला फोन लावला.

भीमाबाई मात्र मुकाट्यानं उठून घरामागे गेल्या. बऱ्याच वेळानं तिकडून खदाखदा हसू आलं. सगळे धावले. खिडकीच्या गजांतून भावनाताई एकेक गरम पुरी बाहेर देत होत्या आणि भीमाबाई उभ्या-उभ्या खात होत्या.

सुतारानं पट्टी खरवडून दार उघडलं, तोवर पाहुण्यांची पंगत अंगणातच उरकली होती.

"आमच्याकडून पक्कं," भीमाबाई म्हणाल्या. प्रेमानंदरावांचे डोळे भरून आले.

"देणंघेणं काही नाही," त्या पुढे म्हणाल्या. "फक्त त्या दारवाल्याचा नंबर द्या."

प्रेमानंदरावांची छाती फुगली. "पाहा! आगीची काळजी असणारी माणसं आहेत जगात!"

"आगीचं नाही जी," भीमाबाईंनी एकवार नत्थूजींकडे पाहिलं. "विहीणबाई सांगत होत्या, तुम्ही इकडे एवढे बोंबलून राहिले, पण आत त्यायले तुमचं एक अक्षर ऐकू आलं नाही!"