डॉलरवरची सवत

जुन्या नाण्याची 'कलेक्टर व्हॅल्यू' जिल्ह्याचा कलेक्टर ठरवतो, अशी आमच्या गुडीहत्नूरच्या दत्तूकाकांची पक्की समजूत होती. मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांनी हा शब्द ऐकला आणि पुढच्याच सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन हजर झाले. 'विषय : चांदीचा अमेरिकी डॉलर, नग एक, किंमत तसदीक करून मिळणेबाबत.'

शेजारी म्हणून सोबत मी होतो. कारकुनानं हसू दाबत समजावलं, "काका, हे कलेक्टर म्हणजे नाणी जमवणारे शौकीन लोक."

"मंग आपले साहेब काय जमवतात? महसूलच ना?" काका म्हणाले. "नाणं त्याइच्याच खात्यात येते."

शेवटी कारकुनानं नागपूरच्या एका नाणेवाल्याचा पत्ता लिहून दिला. तोही काकांनी तारीख टाकून घेतला. तहसिलीतली नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण तोंडातली 'तसदीक', म्हणजे खातरजमा, काही सुटलेली नाही. भाजीवालीनं सुटे दिले तरी खिशातलं भिंग निघतं. "पहिले तसदीक, मंग खिसा."

डॉलर त्यांच्या वडिलांचा. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत कुणा परदेशी इंजिनिअरनं तो बक्षीस दिला होता. त्यावर एका बाईचा मुखडा आहे. काका दिवसातून दोनदा भिंगातून तिला न्याहाळत, म्हणून काकू तिला 'सवत' म्हणायच्या. "लाखाची हाय," काका म्हणत. "भंगारात बी कोणी घेनार नाई," काकू म्हणत. हा वाद चाळीस वर्षं चालला. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि निकाल राहून गेला. काकांना किंमत हवी होती ती विकायला नव्हे, वाद जिंकायला.

व्हिडिओतून काका आणखी एक गोष्ट शिकले होते: नाणं कधी धुवायचं नाही. "मळ गेला, किंमत गेली!" गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची नाणी घासायला बायकांनी चिंच भिजवली, तर काकांनी दारोदार जाऊन वाट्या उलट्या केल्या. समोरच्या विठ्ठलनं तेच वाक्य बायकोला ऐकवून नरकचतुर्दशीची आंघोळच टाळली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, काकांशी महिनाभर.

तर आम्ही नागपूरला गेलो. नाणेवाल्यानं डॉलर दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"कुणीतरी हा घासलाय," तो म्हणाला. "चिंचेनं आणि राखेनं. एकदा नाही, वर्षानुवर्षं. बाईचं नाक झिजलंय. शौकीन हात लावणार नाही. चांदीच्या भावानं देणार का?"

"शक्यच नाई! डब्याची चाबी माह्या कमरेले असते."

"आंघोळीच्या वेळीही?"

काकांनी कमरेची चाबी चाचपली. दिवाळीला काकू त्यांना उटणं लावून पाटावर बसवायच्या आणि मागच्या दारानं आत जायच्या, एवढं मलाही ठाऊक होतं. नाणेवाल्यानं सुईच्या टोकानं बाईच्या केसांची खाच दाखवली. तिथं लाल काहीतरी अडकलं होतं. "कुंकू आहे," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये काकांनी भिंग एकदाही बाहेर काढलं नाही. मला वाटलं, हरल्याचं दुःख असेल.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी फराळाचं ताट घेऊन गेलो. काका एकटेच देवघरापुढं बसले होते. शेजारी वाटीत चिंच, बोटांना राख, हातात डॉलर.

"काका! मळ गेला, किंमत गेली!" मी ओरडलो.

"तसदीक झाली किमतीची," ते घासतच म्हणाले. "तुही काकू सवत म्हने हिले. पन एक बी दिवाळी बिनकुंकवाची जाऊ देल्ली नाई. आता तिचं काम कोन करीन?"

त्यांनी डॉलर पुसून चौरंगावर ठेवला, बाईच्या कपाळावर कुंकू लावलं आणि खिशातलं भिंग मला दिलं.

"पाह्य जरा. तिच्यासारखं निंगालं का?"