अर्नेलची पाहुणी

"अर्नेल, आचाऱ्याचा पुन्हा फोन! पानं किती ते सांगतोस, की नाताळच पुढे ढकलू?" आते मारिविक दारातूनच ओरडली. सेबूच्या त्या वेताच्या खुर्च्यांच्या कारखान्यात ती सगळ्यांचीच आते, म्हणजे थोरली बहीण. आणि अर्नेल संगणकापाशी एकटा बसणारा, कुणाचाच कुणी नसलेला.

नाताळच्या पंगतीला येणाऱ्या पाहुण्यांच्या पानांचा हिशोब सरळ नव्हता. सोबत येणारी माणसं, गुणिले जेवणाच्या दोन वेळा, गुणिले दीड; कारण शिदोरी बांधून घेतल्याशिवाय इथे पंगतीतून कुणी उठत नाही. हे आकडे प्रत्येकाच्या नावाखाली निरनिराळ्या नोंदींत होते, आणि डेटाबेसला नोंदींची बेरीज येते, गुणाकार येत नाही. म्हणून अर्नेलने शाळेतली युक्ती काढली. प्रत्येक आकड्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्यांची बेरीज करायची आणि उत्तर उलटं फिरवायचं, की झाला गुणाकार! स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती. पण यंत्र अडून बसलं.

"कुणाच्या तरी नावावर शून्य आहे," तो पुटपुटला. "शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही."

"सोबतीला कुणीच नाही? नाताळात? कोण रे तो करंटा?" आते खांद्यावरून डोकावायला आली.

करंटा कोण ते अर्नेलला ठाऊक होतं. आई गेल्यापासून त्याच्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. आतेचा चष्मा नाकावर चढायच्या आत त्याने शून्य पुसून एक घातला. यंत्र निमूट चालू लागलं.

दुपारी यादी भिंतीवर लागली. अर्नेल: सोबत एक, पानं तीन.

"तीन पानं खाणारी ही आहे तरी कोण?" रंगकामावरच्या दान्तेने विचारलं.

"लांब राहते," अर्नेलच्या तोंडून निसटलं.

एका थापेला दुसरीचा टेकू लागतोच. संध्याकाळपर्यंत पाहुणीचं नाव ग्लेंडा ठरलं, ती परिचारिका झाली, तिचा गळाही गोड निघाला. मग गाण्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं, आणि मालकीणबाईंनी कौतुकाने दोघांना अगदी पुढचं टेबल दिलं.

शनिवारी पंगतीत अर्नेल त्या टेबलापाशी बसला. शेजारी फीत बांधलेली रिकामी खुर्ची, समोर तीन भरलेली पानं. "ग्लेंडा! ग्लेंडा!" सगळा कारखाना टाळ्या पिटू लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"तिची बोट चुकली!" आतेने माइक हिसकावला. "तिच्या वाटणीचं मी गाते!" ती इतकं भेसूर गायली, की ग्लेंडाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मग स्वतःची पानं उचलून ती त्या फितीच्या खुर्चीत येऊन बसली.

"नाहीच ना कुणी?"

"नाही, आते. ते शून्य माझंच होतं."

"माझ्या नावावर नवऱ्याचा एक असतो. दरवर्षी लिहिते. जहाजावरून तो कधी आलाय का?" ती पानातले शेवयांसारखे नूडल्स चिवडत राहिली. "तुझ्या त्या युक्तीत एकाचं काय होतं रे?"

"शून्य," अर्नेल हळूच म्हणाला. "एकाचा लॉगॅरिदम शून्यच असतो."

"बघ! मेल्या यंत्राला माझंही ठाऊक होतं तर." आते हसली, डोळे पुसले आणि पिशवी पुढे केली. "धर. तुझी तीन, माझी तीन, सहा पानांची शिदोरी आहे, मला एकटीला संपायची नाही. उद्या जेवायला ये माझ्याकडे."

"येतो."

"आणि ग्लेंडाला आणू नकोस हं. फार खाते."